बाईंची रेघ आणि मागं न सरकणारी माणसं

कुणाच्याही लग्नात आम्ही तिघं निवृत्त मास्तर एका टेबलाला बसलो की वाढप्यांची पंचाईत होते. मसालेभात गार होतो, पुढच्या पंगतीची माणसं आमच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहतात, आणि आम्ही अजून पहिल्याच किश्श्यात असतो! लोक विचारतात, शाळेत एवढं घडतं तरी काय? अहो, एका खोलीत चार इयत्ता, दोन मास्तर आणि मधूनच एखादा साहेब कोंडल्यावर काही घडलं नाही तरच नवल! त्या वेळी हसायला सवड नसते. मग ते डोक्यात साठत जातं, आणि एकानं तोंड उघडलं की बाकीच्यांचं आपोआप बाहेर पडतं.

आम्ही तिघं म्हणजे कोण? औटी गुरुजी, माझे पहिले हेडमास्तर, आता ऐंशी पार. भवारी सर, तिकडच्या डोंगरातलेच, शेजारच्या खोऱ्यातल्या शाळेवर होते. आणि मी. मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, नवऱ्यासकट!

आमच्या निम्म्या किश्श्यांचं मूळ एकच. वजाबाकी शिकवायला मी जमिनीवर एक रेघ मारली. बस, एवढाच माझा गुन्हा!

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडे डोंगरात एक वाडी. तिथं आमची दोन शिक्षकी शाळा. एकच लांबुडकी खोली, खाली सिमेंटचा कोबा.

पोरं बेरीज झकास करायची. बोटं होतीच. पण "नऊ वजा चार" म्हटलं की सगळी वर बघायची, जणू उत्तर कौलात अडकलंय! फळ्यावर नऊ काठ्या काढून चार खोडल्या तरी तेच. खोडलेल्या काठ्या दिसतातच की, मग गेल्या कुठं, असा त्यांचा सवाल.

पुस्तकात संख्यारेषेचं एक चित्र होतं, बोटभर. मी ती रेघ पुस्तकातून उचलली आणि जमिनीवर टाकली. मागच्या कोपऱ्यात शून्य. तिथून दाराकडे चुन्याची सरळ रेघ. पोराच्या एका उडीच्या अंतरानं आडवी खूण, खुणेशी आकडा. नऊ वजा चार? नवावर उभं राहा, शून्याच्या दिशेनं चार उड्या मार, आता पायाखाली बघ. पाच! वर्षभर तोंड न उघडलेली पोरं "बाई, मी! बाई, मी!" करायला लागली.

वीस आकड्यांत खोली संपली. मी रेघ उंबऱ्यावरून बाहेर काढली. ओटा, पायरी, पटांगण. औटी गुरुजी घाबरट माणूस. म्हणाले, "बाई, पुस्तकात वीतभर रेघ आहे. तुम्ही ती थेट जुन्नरला नेताय का?"

आणि नेमके साहेब आले. साहेब म्हणजे शाळा तपासणारे विस्तार अधिकारी. बघतात तर पटांगणात उन्हात चार पोरं ओळीनं उभी.

"ही बाहेर का? शिक्षा केलीत?"

"नाही साहेब. ती तिशीतली आहेत."

साहेबांनी पोरांकडे पाहिलं. त्यातलं थोरलं असेल नऊ वर्षांचं.

"आणि आतली?"

"ती विशीच्या आतली. बाहेरचीसुद्धा येतील आत, हळूहळू कमी होत होत."

साहेबांनी औटी गुरुजींना ओट्याच्या टोकाला नेलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, बाईंना हे असं कधीपासून होतंय?"

*

रेघेवरची सगळ्यात मोठी भानगड अशी, की पोरं स्वतः उभी असलेली खूणसुद्धा मोजायची. नवावर उभं राहून तिथंच "एक!" मग आठवर "दोन!" अशी चारपर्यंत गेली की पाय सहावर. "बाई, नवातनं चार गेलं, सहा ऱ्हायलं!"

मी घसा फोडून सांगायची, "जागा मोजू नका, उडी मोजा!"

तिसरीत सोमा नावाचा एक विचारवंत होता. तो हटून बसला. "का न्हाई मोजायची? मी उभा हाये की तितं. मग मला मोजायचंच न्हाई?"

मी म्हटलं, याला याच्याच भाषेत सांगू. "सोमा, तू घाटघरला एस्टीत बसलास. त्यानंतर गाडी थांबली तो कितवा स्टॉप?"

"पयला."

"मग घाटघर मोजलंस का?"

सोमा विचारात पडला. माझी छाती फुगली.

"मी न्हाई मोजलं बाई," सोमा म्हणाला, "पर कंडक्टर मोजतो की! तिकीट घाटघरपासनंच फाडतो!"

आठवडाभर तो वाद घालत होता. मग एका दुपारी नवावर उभा राहिला, बराच वेळ खाली बघितलं, एक उडी मारली आणि मागं वळून मला म्हणाला, "नुसतं बसून ऱ्हायलं तर यष्टी जातच न्हाई कुठं. हालली की मोजायचं. आसंच ना?"

असंच रे बाबा, असंच!

*

भवारी सरांनी माझी रेघ बघितली आणि आपल्या शाळेत नेली. पण त्यांच्या खोऱ्यातला पाऊस म्हणजे बंद खोलीतसुद्धा अंगावर येणारा. कौलं गळायची, दुपारपर्यंत शून्य ते सात वाहून जायचं. पोरं म्हणायची, "सर, आज आठापासनं वजाबाकी!"

सर हार मानणारे नव्हेत. त्यांनी एका पोराच्या घरून बैलाचा कासरा मागून आणला, त्याला ठराविक अंतरावर रंगीत चिंध्या बांधल्या, प्रत्येक चिंधीवर आकडा, आणि कासरा वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणला. पाऊस पडो नाहीतर खोली बुडो, रेघ तय्यार!

तिसऱ्या दिवशी पोराचा बाप भिजत दारात. "सर, वजाबाकी ऱ्हाऊ द्या आज. बैल सुटलाय!"

कासरा सोडून द्यावा लागला. चिंध्या काढायला वेळ कुणाला? नंतर महिनाभर त्या घरी बैल कुठंय असं विचारलं की आतून उत्तर यायचं, "त्यो काय, खुट्याला चौदावर बांधलाय!"

*

वाडीत बातमी पसरली की शाळेत पोरं नुसती लंगडी खेळतात. पालक कुरकुरायला लागले, आणि एके दिवशी बबनतात्या आले. बबनतात्या म्हणजे तरुणपणी यात्रेत कुस्त्या मारलेला गडी. दारात उभे राहिले की वर्गात अंधार व्हायचा. त्यांची चिमी माझ्याकडे चौथीत.

"बाई, आमी भात लावायचं सोडून पोरगी शाळंत धाडतो. त्ये काय उड्या मारायला?"

"तात्या, उड्या नाहीत, वजाबाकी आहे. तुम्हीच करून बघा. या, पंधरावर उभे राहा."

तात्या चपला काढून पंधरावर उभे राहिले.

"आता पंधरा वजा सहा. सहा पावलं मागं या."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मिशी हलली. "मागं?"

"हो, मागं."

"बाई, मी उभ्या जल्मात कुणाम्होरं मागं पाऊल टाकलं न्हाई. आन् तुमच्यासाटी टाकू?"

"तात्या, वजाबाकीत मागंच जावं लागतं."

"मग नको मला तुमची वजाबाकी!"

झालं! ते पंधरावर, मी दहावर, दोघंही हटायला तयार नाहीत. औटी गुरुजी खिडकीतून बाहेर बघायला लागले. तेवढ्यात चिमी उठली. बापासमोर जाऊन म्हणाली, "तात्या, तुमी तोंड तेवडं फिरवा. आन् म्होरं चाला!"

तात्यांनी क्षणभर विचार केला. मग गर्रकन वळले, शून्याकडे तोंड केलं आणि छाती काढून सहा पावलं पुढं टाकली. मी वाटेतून बाजूला झाले म्हणून वाचले! खाली पाहिलं तर नऊ.

"नऊ! बरूबर हाये का?"

"बरोबर आहे तात्या."

"गेलो का मी मागं?"

"नाही तात्या."

"मग ऱ्हाऊ द्या ही रेघ," तात्या चपला घालत म्हणाले. "कुणी पुसाया आलं तर मला सांगा."

त्या दिवसापासून आमच्या शाळेत 'मागं या' हा शब्द बंद. "तोंड फिरवा आणि चाला!" आजही कुणी विचारलं, वजा कसं करायचं, तर मी हेच सांगते.

*

पुसायला आलेच. साहेब आले, आणि ते चौथीच्या वर्गाला गणित घालून थेट फळ्याकडे वळले. बावन्न वजा अडतीस. "कोण सोडवतं?"

चिमी उठली. तोवर पोरं रेघ डोक्यात घेऊन फिरायला लागली होती, पाय हलवायची गरज नव्हती. चिमीनं फळ्यावर आडवी रेघ मारली. एका टोकाला अडतीस, दुसऱ्या टोकाला बावन्न. अडतीसहून चाळीस, उडी दोनची. चाळीसहून पन्नास, उडी दहाची. पन्नासहून बावन्न, उडी दोनची. खाली लिहिलं चौदा, आणि खडू ठेवून दिला.

साहेब फळ्याकडे बघत राहिले. "हातचा कुठंय?"

"घेतला न्हाई."

"अगं, दोनातून आठ जात नाहीत. दशकाकडून हातचा घ्यावा लागतो! हातचा न घेता बावन्नातून अडतीस गेलेच कसे?"

"मला लागलाच न्हाई साहेब," चिमी म्हणाली. "न लागता मागायचा कशाला?"

पोरं हसली. तिथंच चुकलं. पोरं हसली नसती तर पुढचं झालं नसतं.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, पद्धत चूक आहे. उत्तर बरोबर असलं तरी गणित चूक!"

"साहेब, उत्तर बरोबर आहे हे तुम्हीच म्हणालात. बाकी तुमचं आणि पद्धतीचं भांडण. त्यात माझ्या पोरीचा काय दोष?"

"ही रेघ आत्ता, माझ्यासमोर पुसायची! नाहीतर आडरानात बदली करतो!"

आडरानात? आम्ही होतो ते काय डेक्कन जिमखाना होतं? पण हसू आलं नाही. माझा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा, जुन्नरला सासूबाईंजवळ. रोज संध्याकाळी एस्टीनं त्याच्याकडे पोचत होते. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं असतं तर आठवड्यातून एकदा तोंड दिसलं असतं त्याचं. समोर पोरं माझ्याकडे बघत होती. चिमी तर डोळेसुद्धा मिटत नव्हती.

"मी नाही पुसणार, साहेब."

मग कोपऱ्यातून बादलीचा आवाज आला. औटी गुरुजींनी धोतर वर खोचलं, ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून शून्यापासून रेघ पुसायला सुरुवात केली. सगळी पुसली. उंबऱ्याबाहेरचीसुद्धा. साहेब समाधानानं निघून गेले.

मी त्या दिवशी गुरुजींशी बोलले नाही. एस्टीत त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती तरी मागं जाऊन बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते रागाचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचते तर गुरुजी माझ्या आधी हजर. धोतरावर पांढरे ठिपके, हातात ब्रश. कोब्यावर शून्यापासून विसापर्यंत ठसठशीत रेघ. बाहेर पटांगणात चुन्याच्या खुणांच्या जागी दगड पुरलेले, प्रत्येक दगडावर आकडा.

"गुरुजी!"

"काय गुरुजी? साहेबांचा हुकूम पुसायचा होता. पुसली," ते ब्रश झटकत म्हणाले. "परत काढू नका असं काही ते बोलले नव्हते."

मी वाकून रेघेला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

"आणि बाई, हा ऑइलपेंट आहे. आता साहेबांनी स्वतः बसून घासला तरी निघायचा नाही. पोरांना सांगा, वाळेपर्यंत वजाबाकी करू नका. बुडाला लागेल!"

*

माझी बदली झालीच. साहेबांनी शब्द पाळला, म्हणाले ते खरं केलं! पिंपरी पेंढारच्या पुढे एका मळ्यातली शाळा. धाकट्याला बरोबर नेलं, तो माझ्या वर्गात दुडुदुडु धावत मोठा झाला. पहिल्या आठवड्यात मी पटांगणात चुन्याची रेघ मारली. या वेळी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

चहूकडे ऊस. आणि पुढं दोन हजार सालानंतर त्या उसात बिबटे. मळ्यातली माणसं म्हणाली, "बाई, शाळा बंद ठिवा महिनाभर." मी म्हटलं, "बिबट्या महिन्यानं पेन्शनीत निघणार आहे का? शाळा चालू राहील. पोरांना जथ्यानं आणा, जथ्यानं न्या." आणली. बाप लोक काठ्या घेऊन पुढं-मागं, मधे पोरं, मिरवणूकच जणू.

एके सकाळी पोचते तर शाळेच्या दारात पोरांचा घोळका. रात्री पाऊस शिंपडून गेला होता आणि ओल्या पटांगणात पंजे उमटले होते, बरोब्बर आमच्या रेघेवरून! बायका घाबरल्या. वनखात्याचा गार्ड आला मोटारसायकलवर.

"कुठून आला बिबट्या?"

दुसरीतली एक पोरगी पुढं. "एकतीसवरनं."

"काय?"

"एकतीसवरनं आला, एकोणीसपातुर गेला, मंग उसात घुसला. बारानं वजा झाला!"

गार्डनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

"आन् सायेब," पोरगी खाली वाकून पंजे बघत म्हणाली, "त्यानं आमच्यावानी उड्या न्हाई मारल्या. तीनच मारल्या. चार-चाराच्या!"

गार्डनं स्वतः पावलं टाकून मोजून बघितलं. मग मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाला, "बाई, आमी पुण्याहून मोजमापाला माणसं बोलावतो राव. ही मोठी झाली की आमच्याकडं पाठवा!"

*

नंतर एकदा आळेफाट्याजवळ मंगल कार्यालयात आमचं ट्रेनिंग होतं. भवारी सर शेजारी, स्टेजवर मांडवाची झालर अजून तशीच, आणि तिच्याखाली 'नवोपक्रम' असा बोर्ड. पुण्याहून आलेल्या एका तरुण मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं. संख्यारेषा! जमिनीवर काढलेली! तिच्यावर उडी मारणारं पोर!

"वजाबाकीची ही अगदी नवीन पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या. चांगली शिकवत होती पोरगी, तिचा काही दोष नव्हता.

मग अध्यक्षीय भाषणाला कोण उठावं? आमचे साहेब! बढती मिळून केस पांढरे झालेले. माइक हातात घेऊन म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत आलोय, मुलं खेळातून शिकतात. यापुढे प्रत्येक वर्गात ही रेषा दिसली पाहिजे. ज्या वर्गात रेषा दिसणार नाही, त्या शिक्षकाचा खुलासा मागवण्यात येईल!"

टाळ्या. "कुणाला काही शंका?"

भवारी सरांनी मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. साहेबांनी मला ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं.

"साहेब, शंका एकच," मी म्हटलं. "रेषा चुन्यानं काढायची की ऑइलपेंटनं?"

साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

*

आता शेवटचा. हा सांगताना मात्र जेवण थांबवतो आम्ही.

माझी शेवटची शाळा आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका वस्तीवर. तिथं रेघ वर्गातच होती. शून्य फळ्याच्या भिंतीला अगदी टेकलेलं, आणि तिथून आकडे दाराकडे चढत गेलेले.

उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगराकडून माणसं कांदे काढायला यायची. शेताच्या बांधावर पालं पडायची. त्यातली एक बाई एक दिवस पोरीला घेऊन आली. फुला. सात-आठ वर्षांची, केस उन्हानं तांबूस झालेले.

"बाई, हिला बसू द्या हितं. आमी दिसभर रानात. मागल्या साली तिकडल्या शाळंत जायची, पर दाखला न्हाई आमच्याजवळ."

दाखला नाही म्हणजे पटावर नाव घालता येत नाही. मी म्हटलं, "पटाचं मी बघते. ये गं, बस पुढं."

फुला पहिल्या दिवशी कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रेघेवर चढली ती खाली उतरेचना. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं डबे खायची, ही एकटीच दारापासून फळ्यापर्यंत, फळ्यापासून दारापर्यंत. ओठ हलत असायचे. भिंतीशी पोचली की तळहात लावायची भिंतीला, थोडा वेळ थांबायची आणि परत फिरायची. मी एकदा विचारलं, "काय बघतेस गं?" म्हणाली, "काय न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात तपासणी आली. साहेब नवे होते, तरुण, नियमावर बोट ठेवून चालणारे. त्यांनी पोरं मोजली, मग पट बघितला, मग परत पोरं मोजली.

"एक जास्त आहे. कोण?"

मी सगळं सांगितलं. कांदे, पालं, दाखला, सगळं.

"म्हणजे पटावर नाही. मग ती या वर्गात असू शकत नाही, बाई. तिला बाहेर पाठवा, मग मी तपासणी सुरू करतो."

"साहेब, ती इथंच बसेल. तपासणी करायची तर तिच्यासकट करा."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"करा. मला सवय आहे."

आमची अशी जुंपलेली, आणि फुला उठली. रडली नाही, काही नाही. पाटी बगलेत धरली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ दारातून बाहेर गेली. मी मागं निघाले तर तोवर ती कोपऱ्यावरून वळून शाळेच्या पाठीमागं दिसेनाशी झाली होती.

"चला, आता पट बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि फळ्याशी गेले. त्यांना रेघ दिसली. बरी वाटली असावी. "अरे वा! चला, सांगा बघू, तीन वजा पाच?"

एक पोरगा तिनावर उभा राहिला. एक उडी, दोन उड्या, तीन उड्या. शून्यावर आला, नाक भिंतीला लागलं. तसाच वळून म्हणाला, "म्होरं भिंत हाये साहेब. जात न्हाई!"

"शाब्बास! तिनातून पाच जात नाहीत. लहान संख्येतून मोठी संख्या कधीच जात नाही. सगळ्यांनी म्हणा!"

सगळा वर्ग एका सुरात, "लहान संख्येतून मोठी संख्या कधीच जात नाही!"

फळ्याच्या वर हवेसाठी सिमेंटची जाळी होती. त्या जाळीतून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"जात्ये की!"

साहेब दचकले. "कोण आहे?"

"मी फुला! तीन उड्या तुमच्याकडं झाल्या. दोन हितं मारल्या, भिंतीच्या ह्या अंगाला. झाल्या की पाच!"

साहेबांनी मान वर करून जाळीकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "तिकडे काही नाही! शून्याच्या पलीकडे आकडे नसतात!"

मग फुला म्हणाली,

"मंग मी कशावर उभी हाये?"